सांगणाऱ्याचे नावही लिहा

रमजान महिन्यात वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड अशा गावांचे घड्याळ बदलते. पहाटेच्या अंधारात सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणासाठी, स्वयंपाकघरात दिवे लागतात. संध्याकाळी खजूर, टरबूज आणि भज्यांच्या गाड्यांभोवती रोजेदार असतात, तसेच रोजा नसलेले गिऱ्हाईकही असते. रात्री तरावीहची लांब नमाज आटोपली की घरातली वडीलधारी माणसे लवकर झोपत नाहीत. गप्पा सुरू होतात आणि जुन्या आठवणी निघतात.

या आठवणींमध्ये काही माणसे हमखास येतात. पहाटे गल्लोगल्ली फिरून रोजेदारांना उठवणारा फकीर. ईद जवळ आली की भाता मांडून घराघरांतल्या पितळी भांड्यांना कल्हई करून देणारा. धुनकीच्या तारेने कापूस पिंजून गाद्या नव्या करणारा पिंजारी. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, बायकांच्या गराड्यात बसून बांगड्या भरणारा मण्यार. छोट्या कुप्यांची पेटी घेऊन फिरणारा अत्तारवाला. खाटेला शेवयांचे यंत्र बांधून मोहल्ल्यातल्या चार घरांच्या शेवया एकत्र पाडणाऱ्या बायका.

वाशीमचा इतिहास सांगायला बसले की वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म आठवते, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आठवतात, कारंज्याचे नृसिंह सरस्वती आणि मंगरूळपीरचा दर्गा आठवतो. ते योग्यच आहे. पण कल्हईवाला आणि सहरीला उठवणारा फकीर कुठल्या पुस्तकात सापडेल? अशा साध्या माणसांचे रोजचे जगणे लिहून ठेवणारी माणसे आपल्याकडे कमी झाली, तरी अजिबात झाली नाहीत असे नाही. त्यांनी कोणाला विचारले, कसे विचारले आणि सांगणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरले, हे पाहण्यासारखे आहे.

दख्खनचा जाफर शरीफ

लंडनमध्ये १८३२ साली एक जाडजूड पुस्तक छापले गेले. त्याचे नाव 'कानून-ए-इस्लाम'. नावावरून ते कायद्याचे पुस्तक वाटेल, पण आत आहेत ते भारतातल्या मुसलमानांचे रीतिरिवाज, जन्मापासून मृत्यूपर्यंत. मूल जन्मल्यावर काय करतात, चाळिसाव्या दिवशी काय होते, चार वर्षे चार महिने चार दिवस पूर्ण झालेल्या मुलाचा 'बिस्मिल्ला'चा समारंभ कसा होतो, लग्नात हळद कशी लावतात, मोहरममध्ये कोणकोणते फकीर कोणती सोंगे घेतात, रमजानचे रोजे, तरावीह आणि एतेकाफ कसे पाळतात, हे सारे त्यात बारकाईने येते.

पुस्तक घडले ते दोन माणसांच्या बोलण्यातून. जी. ए. हर्कलॉट्स हा मद्रासच्या सैन्यसेवेतला शल्यचिकित्सक. त्याला आपल्या अवतीभवतीच्या लोकांचे घरगुती जीवन समजून घ्यायचे होते. त्याने जाफर शरीफ या दख्खनी मुसलमानाला लिहायला सांगितले. जाफर शरीफने लिहिले आणि हर्कलॉट्सने त्याचे इंग्रजी केले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जाफर शरीफचे नाव लेखक म्हणून आहे. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या शेकडो अहवालांत माहिती देणाऱ्याची ओळख 'एक मुनशी' किंवा 'गावातला एक म्हातारा' एवढ्यावरच संपते.

जाफर शरीफ राजाच्या दरबारातला इतिहासकार नव्हता. मदरशांमधल्या थोर ग्रंथांत काय लिहिले आहे ते तो सांगत बसला नाही. घरात खरोखर काय होते ते त्याने सांगितले. त्यात ग्रंथाला धरून असलेल्या चाली आहेत, तशाच शेजारच्या हिंदू घरांतून आलेल्या चालीही आहेत. दोन्ही त्याने सारख्याच सहजतेने नोंदवल्या. पुढे विल्यम क्रुक या अभ्यासकाने पुस्तकाची नव्याने मांडणी करून १९२१ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज दख्खनी मुसलमानांच्या घरगुती इतिहासावर काम करणाऱ्याला जाफर शरीफला ओलांडून पुढे जाता येत नाही.

वऱ्हाडची पाने

वऱ्हाडातही लिहिणारे आले. आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले, ते १८७० साली निघाले. त्या काळच्या इंग्रजी कागदांत वाशीमचे नाव 'बासिम' असे असे. लायलने पुढे एका निबंधात वऱ्हाडची माणसे प्रत्यक्षात कशाकशाला हात जोडतात याची यादीच दिली. त्यात दगड आणि झाडे आहेत, आपल्या धंद्याची हत्यारे आहेत, गावासाठी मेलेले वीर आहेत, साधू आणि पीरही आहेत. पोथीतला धर्म बाजूला ठेवून गावातला धर्म पाहणारी ती नजर होती.

त्यानंतर आला मोठा जातवार अभ्यास. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जाती-जमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात बंजारा आहेत, आंध आहेत. कापूस पिंजणारे बहना म्हणजे पिंजारी, अत्तार विकणारे अत्तारी, पखालीने पाणी वाहणारे भिश्ती आणि फकीरही आहेत. प्रत्येकाची लग्नाची रीत, धंद्याची अवजारे, देवदेवता आणि म्हणी दिलेल्या आहेत. रसेलला छापील पुस्तक पाहता आले नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने 'पर्शिया' ही बोट बुडवली, त्यात तो गेला. हिरालाल मूळचे आताच्या मध्य प्रदेशातल्या कटनीचे. इथली भाषा आणि माणसे जाणणारे ते होते. मुखपृष्ठावर त्यांचे नाव 'साहाय्य' करणारा म्हणून आले.

या खंडांचा उपयोग मोठा आहे, पण ते वाचताना सावध राहावे लागते. लिहिणारा सरकारी होता आणि सांगणारा प्रजा. साहेबासमोर माणूस किती मोकळे बोलणार? शिवाय त्याच सरकारने १८७१ साली एक कायदा करून कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. माणसांची नोंद ठेवणारी लेखणी आणि त्यांच्यावर शिक्का मारणारी लेखणी एकाच टेबलावर होती. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणूनच लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले तेव्हा मराठी वाचक हादरला. ज्यांच्याविषयी आजवर दुसरेच लिहीत होते, ते स्वतः लिहू लागले होते.

जात्यावर बसलेली बाई

विचारण्याची वेगळी रीत पुण्यात सुरू झाली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावे आणि एक लाखाहून जास्त ओव्या, असे ते काम वाढत गेले. त्या बायकांना ही आपली 'लोककला' आहे हे ठाऊक नव्हते. पहाटे पीठ दळताना मनातले बोलायची ती जागा होती. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल, आंबेडकर सगळे तिथे येत.

या कामातली मोलाची गोष्ट म्हणजे ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपले गेले. पॉइत्वँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. पुढे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने, म्हणजे 'पारी'ने, हा ठेवा सांभाळायला घेतला. आता ओवी वाचता येते, कित्येकदा ऐकता येते आणि गाणारीचा चेहराही दिसतो.

जात्याशी मुसलमान घरांचेही जुने नाते आहे. दख्खनच्या सूफींनी दखनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' रचले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी गावे म्हणून केलेली ती गाणी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ सालच्या ग्रंथात त्यांच्याकडे लक्ष वेधले. दख्खनमध्ये सूफी विचार घराघरात पोचला त्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता, असे त्याचे म्हणणे. जात्याचा खुंटा तोच, हातही तसेच कष्टाचे. एकीच्या तोंडी विठ्ठल, दुसरीच्या तोंडी अल्ला आणि पीर. मराठवाडा-वऱ्हाडातल्या किती मुसलमान आजींना अशी गाणी येत होती, हे विचारायला मात्र फारसे कोणी गेले नाही.

आपल्याच मातीतले लिहिणारे

लिहायला शब्दच लागतात असेही नाही. वाशीम ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता, त्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार झाले. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर राहून त्यांनी छायाचित्रे घेतली. शहर ज्यांच्याकडे न पाहता नाक दाबून पुढे जाते, ती माणसे त्यांनी गटारात, कचऱ्याच्या गाडीवर आणि घरी मुलाबाळांत टिपली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे पाहताना जाणवते की कॅमेरा लावण्याआधी बराच वेळ नुसते बसणे आणि ऐकणे झालेले आहे.

मुस्लिम समाजातही मराठीतून स्वतःचे जगणे लिहिण्याची चळवळ उभी राहिली. सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मोहल्ला, कष्टकरी मुसलमान, बुरख्याआडची आणि बुरख्याबाहेरची बाई, खेड्यातला मुलाणी हे सारे त्या लेखनातून मराठीत आले. गावगाड्यातला मुलाणी त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त भेटतो, पण तिथे तो बाहेरून दिसतो. आता तो आतून बोलू लागला.

वाशीम जिल्ह्यात तर याचे ठसठशीत उदाहरण उभे आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून देश जोडणारा हा समाज. शंभर वर्षांपूर्वी त्याची नोंद रसेलच्या पानांत दुसऱ्याच्या शब्दांत होती. आता त्याचा तांडा, वेश आणि प्रवास त्याच्याच तीर्थक्षेत्री मांडला गेला आहे. सेवालाल महाराजांच्या दर्शनाला येणारी मुले तिथून आपल्या पणजोबांची गोष्ट पाहून जातात. पिंजारी, कल्हईवाले, फकीर यांच्यासाठी अशी इमारत उभी राहील किंवा राहणार नाही. एक वही मात्र नक्की उभी राहू शकते.

नोंद नसली की काय होते

हा केवळ आठवणींचा शौक नाही. ओबीसी जातीचा दाखला काढायला गेलेल्या कुटुंबाकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा शोधायचा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद काढायची. कित्येक मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत त्या जुन्या रकान्यात एकच शब्द असतो, 'मुसलमान'. पिंजारी, मोमीन असा उल्लेख असतोच असे नाही. आजोबांनी आयुष्यभर कापूस पिंजला, गाव त्यांना त्याच नावाने ओळखत होते, पण शाळेच्या मास्तरांनी रकाना भरताना धंदा विचारला नाही. एका शब्दाच्या उणिवेमुळे नातवाची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडतो.

घरात लिहिलेली वही सरकारी पुराव्याची जागा घेत नाही, हे स्पष्ट असावे. पण कुठल्या गावात, कुठल्या शाळेत, कोणत्या नातेवाइकाच्या नावे नोंद सापडू शकेल, हे अशा वहीतूनच कळते. पडताळणीच्या वेळी घरी चौकशी होते, तेव्हा परंपरागत धंदा आणि चालीरीती विचारल्या जाऊ शकतात. आजोबा गेले आणि नातवाला धुनकी म्हणजे काय हेच माहीत नसले, तर तो काय सांगणार?

दुसरे नुकसान शेजाराचे. एकमेकांच्या घरातले रोजचे जगणे ठाऊक नसले की त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात. पिंजारी गल्लीतला माणूस ज्याच्या घरची गादी भरत होता, त्या घराला त्याच्या ईदचा वेगळा परिचय लागत नव्हता.

सहरीला उठवणारा

इंग्रज प्रवासी एडवर्ड लेन याने इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर १८३६ साली पुस्तक लिहिले. त्यात कैरोमध्ये रमजानच्या रात्री सहरीला उठवायला फिरणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. त्याच्या हातात छोटे नगारे असे, बरोबर दिवे धरणारा मुलगा असे. प्रत्येक दारापुढे थांबून तो घरमालकाचे नाव घेऊन सलाम करी. त्याची ठरलेली गल्ली असे आणि ईदला घराघरातून त्याला ठरावीक पैसे मिळत. किती पैसे, तेही लेनने लिहिले आहे. अरबीत या माणसाला 'मुसह्हराती' म्हणतात. तुर्कस्तानात ढोल वाजवणारे अजून फिरतात आणि काश्मीरमध्ये 'सहरखान' आहेत.

जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या कैरोतल्या माणसाची मजुरी आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच मोहल्ल्यातल्या फकिराचे नाव मात्र पुढच्या पिढीला सांगता येईल का? मराठी गावाला ही रीत परकी नाही. भल्या पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येई, त्याच्याही आधी अंधारात पिंगळा येई. रमजानमधला फकीर त्यांचाच सोबती. मशिदीचा भोंगा आणि मोबाइलचा गजर आल्यावर त्याची गरज कमी झाली. त्याच्या मुलांनी रिक्षा घेतली, कोणी गॅरेजमध्ये गेले, कोणी शिकून नोकरीला लागले. ते बरेच झाले. पण त्याच्या फेरीचा रस्ता, आवाज आणि त्याने म्हटलेल्या ओळी त्याच्याबरोबर जातील.

हे टिपून ठेवायला मोठे शिक्षण लागत नाही. मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करता येतो, तो पुरे. प्रश्न मात्र नेमके हवेत. 'तुमची परंपरा काय?' असे विचारले तर समोरचा गोंधळतो किंवा भाषण करतो. 'घरातून किती वाजता निघायचे? पहिली गल्ली कोणती? हातात डफ होता की काठी? हिंदू घरांपुढून जाताना आवाज बारीक करायचे का? ईदला कोण काय द्यायचे? पाऊस आला तर?' असे विचारले की माणूस खुलतो. कल्हईवाल्याला नवसागर आणि कथील कुठून आणायचे ते विचारावे. मण्याराला कोणत्या सणाला कोणत्या रंगाच्या बांगड्या जात ते विचारावे. त्याच्याकडे ईद आणि संक्रांत दोन्हींचा हिशेब असतो. शेवया पाडणाऱ्या आजीला यंत्र कोणाच्या घरचे होते ते विचारावे. त्या यंत्राने किती घरांत फेऱ्या मारल्या ते ऐकताना मोहल्ल्याचा नकाशा तयार होतो.

बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहावी. त्याच्या तोंडचे शब्द आपण सुधारू नयेत. वऱ्हाडी आणि दखनी मिसळलेले जसे बोलणे असेल तसेच ठेवावे. जुनी लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, धुनकी, बांगड्यांची पेटी यांचे छायाचित्र घ्यावे आणि मागे ते कोणाचे हे लिहावे.

एक अडचण मात्र खरी आहे. फकिराच्या घरात काही वेळा मुलांना हा धंदा सांगायचा नसतो. मागून खाणे असे त्याला हिणवले गेलेले असते. लग्नाच्या बोलणीत तो विषय टाळला जातो. बापाला वाटते आपण सवाबाचे, पुण्याचे काम केले आणि मुलाला वाटते लोक हसतील. अशा वेळी आपल्या उत्साहासाठी कोणाला उघडे पाडू नये. आधी परवानगी घ्यावी आणि केलेली नोंद पहिल्यांदा त्या घरालाच द्यावी. नाव छापायचे नसेल तर छापू नये. घरच्या वहीत मात्र ते पूर्ण लिहून ठेवावे. आज लाजणारा मुलगा उद्या स्वतःच्या नातवासाठी ती वही शोधेल.

रमजानचे शेवटचे दहा दिवस जागरणाचे असतात. त्यानंतर ईद येते आणि शिरखुर्म्याच्या वाटीसाठी सगळ्या धर्मांची माणसे एकमेकांच्या घरी जातात. घरातली आजी-आजोबा त्या दिवशी नवे कपडे घालून पुढच्या खोलीत बसलेले असतात. येणारा त्यांना सलाम किंवा नमस्कार करतो, दुवा घेतो आणि वाटी रिकामी करून पुढच्या घरी निघतो. या वर्षी त्यांच्याजवळ अर्धा तास जास्त बसता येईल. शाळा-महाविद्यालयातली मुले आपल्या मित्राच्या आजीला विचारू शकतील. तिचे बोलणे उतरवून झाल्यावर कागदाच्या वर तिचे नाव घालायला विसरू नये. तिच्या मुलाची आई किंवा नातवाची आजी म्हणून नव्हे, तिचे स्वतःचे नाव.